बत्तीस, चौसष्ट आणि छत्तीसचा आकडा

आपल्यापैकी सोलापूर-बेळगावकडचे जे लोक सुट्टीवरून येताना मिरज जंक्शनला उतरतात, त्यांना एक गोष्ट माहीत असायला हवी. एकेकाळी या एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ होते. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. पण लोंढ्याकडे जाणारी लाईन नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिली, १००० मिलिमीटरची. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची 'बार्शी लाईट' तर नॅरोगेज, फक्त ७६२ मिलिमीटर! स्टेशन एक, प्लॅटफॉर्मवरचा चहा एक, पण एका गाडीचा डबा दुसऱ्या गाडीला जोडता येत नाही. माणसांनी उतरायचं, सामान हमालाच्या डोक्यावर द्यायचं आणि गाडी बदलायची.

लिनक्सवर ३२ बिटी आणि ६४ बिटी पॅकेजेस एकत्र आली की जी भांडणं होतात, ती मला या मिरज जंक्शनमुळे कळली. म्हणून सुरुवात तिथून.

आधी थोडा इतिहास. इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर १९८५ साली आला. ३२ बिटी. त्याच्या नावावरून डेबियन आणि उबुंटू अजूनही ३२ बिटी पॅकेजेसना 'आय३८६' म्हणतात. ३२ बिटांच्या पत्त्यात जास्तीत जास्त ४ जीबी मेमरी मोजता येते (२ चा ३२ वा घात करून बघा), ती पुढे पुरेना. मग २००३ साली एएमडीने ऑप्टेरॉन आणला. तो ६४ बिटी होता आणि तरीही जुने ३२ बिटी प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवायचा. इंटेलनेही नंतर हाच मार्ग धरला. म्हणूनच तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा प्रोसेसर असला तरी डेबियन त्याला 'एएमडी६४' म्हणतं. (माझ्या रूममेटने यावरून "अगं, मी चुकीचं आयएसओ डाऊनलोड केलं!" म्हणून रात्री दोन वाजता उठवलं होतं. चुकीचं नव्हतं.)

म्हणजे प्रोसेसरची अडचण नाही. ६४ बिटी कर्नलसुद्धा ३२ बिटी प्रोग्रॅमला घरात घेतो. मग अडतं कुठे? लायब्रऱ्यांपाशी. कुठलाही प्रोग्रॅम एकटा चालत नाही, तो चालू होताना दहा-वीस लायब्रऱ्या आपल्याला जोडून घेतो. चालू असलेला प्रोग्रॅम म्हणजे एक गाडी समजा. तिचे सगळे डबे एकाच गेजचे पाहिजेत. ३२ बिटी प्रोग्रॅमला ६४ बिटी लायब्ररी जोडता येत नाही आणि उलटही नाही. तसा प्रयत्न झाला की 'राँग ईएलएफ क्लास' असा संदेश येतो. तो सरळ तरी आहे. दुसरा एक संदेश माणसाला वेड लावतो. फाईल समोर दिसतेय, लिस्टमध्ये आहे, परमिशन बरोबर आहे, आणि चालवायला गेलं की शेल म्हणतं, अशी फाईल किंवा डिरेक्टरी नाही! शेल खोटं बोलत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात त्याच्या लोडरचा पत्ता लिहिलेला असतो. ३२ बिटीचा लोडर 'एलडी-लिनक्स डॉट एसओ डॉट २' या नावाचा, ६४ बिटीचा वेगळा. सिस्टीमवर ३२ बिटी लोडरच नसेल, तर 'सापडली नाही' हे त्या लोडरबद्दल असतं, तुमच्या प्रोग्रॅमबद्दल नाही. पण संदेशात ते कुठेच लिहिलेलं नसतं. ज्याने हा संदेश इतका मोघम ठेवला त्याला एकदा आमच्या व्हायव्हाला बसवायला पाहिजे.

आता या दोन गेजचे डबे ठेवायचे कुठे? रेड हॅट आणि फेडोरावाल्यांनी ३२ बिटीसाठी 'लिब' आणि ६४ बिटीसाठी 'लिब६४' असे दोन फोल्डर केले. डेबियनवाल्यांनी आधी एक जुगाड केला. 'आयए३२-लिब्ज' नावाच्या एकाच अगडबंब पॅकेजात लागतील त्या सगळ्या ३२ बिटी लायब्रऱ्या कोंबल्या. एक लायब्ररी बदलली तरी सगळं गाठोडं नव्याने बांधायचं! मे २०१३ मध्ये आलेल्या डेबियन ७ पासून 'मल्टिआर्च' ही नीट पद्धत आली. प्रत्येक आर्किटेक्चरचा स्वतःचा फोल्डर आणि प्रत्येक पॅकेजच्या नावापुढे कोलन देऊन त्याचं आर्किटेक्चर. 'लिबसी६:एएमडी६४' आणि 'लिबसी६:आय३८६' ही एकाच नावाची दोन भावंडं, एकाच सिस्टीमवर शेजारी शेजारी.

शेजारी राहतात, पण एका अटीवर. दोघांचं व्हर्जन तंतोतंत सारखं पाहिजे. अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. हा लेख या एका अटीवर उभा आहे, म्हणून ती का आहे हे नीट बघू या.

लायब्ररीचा मुख्य भाग प्रत्येक आर्किटेक्चरच्या वेगळ्या फोल्डरात जातो, तिथे भांडण नाही. पण पॅकेजबरोबर काही फाईली अशा असतात ज्या दोघांच्याही सारख्याच आणि एकाच जागी ठेवायच्या असतात. कॉपीराईटची माहिती, बदलांची नोंदवही, भाषांतरं वगैरे. डीपीकेजी काय करतो, ही फाईल एकदाच ठेवतो आणि तिच्यावर दोघांची मालकी लिहितो. वडिलोपार्जित विहिरीसारखं, सातबाऱ्यावर दोघा भावांचं नाव. आता एका भावाने नवीन व्हर्जन घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर त्या सामाईक फाईलीत काय ठेवायचं? डीपीकेजी मग हात वर करतो. 'शेअर्ड' फाईल ओव्हरराईट करायचा प्रयत्न होतोय आणि ती याच पॅकेजच्या दुसऱ्या प्रतीपेक्षा वेगळी आहे, असा लांबलचक संदेश येतो. बहुतेक वेळा ही वेळ येऊच नये म्हणून ॲप्ट आधीच अडवतो आणि म्हणतो की डिपेन्डन्सी पुऱ्या होत नाहीत. (डिपेन्डन्सीला मी आधी 'अवलंबित्व' लिहिलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठी लेख म्हटला की मला जरा जास्तच शुद्ध लिहायची हुक्की येते. मैत्रिणीने वाचून विचारलं, लेख व्यसनमुक्तीवर आहे का? म्हणून डिपेन्डन्सीच.)

पॅकेजच्या माहितीत 'मल्टिआर्च' नावाची एक ओळ असते. तिच्यात 'सेम' लिहिलं असेल तर वरचा भावांचा नियम लागू. 'फॉरीन' लिहिलं असेल तर हा प्लॅटफॉर्मवरचा चहावाला, कुठल्याही गेजच्या प्रवाशाला चालतो. म्हणजे एखाद्या ३२ बिटी पॅकेजला फक्त एक टूल बाहेरून हाक मारून वापरायचं असेल, तर ६४ बिटी टूलही चालतं, कारण तो वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालतो, डबा म्हणून जोडायचा नसतो. ही ओळ काहीच नसेल तर दोन प्रती शेजारी राहू शकत नाहीत. एक ठेवायची, दुसरी काढायची.

हे सगळं मला कधी शिकावं लागलं? माझ्या मामाचं साताऱ्यात पोवई नाक्याजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मामाच्या मशीनवर विंडोज ११ बसत नव्हतं आणि नवीन मशीन घ्यायचं बजेट नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला डेबियन १३ टाकून दिलं. दोन महिने सुरळीत गेले. मग जानेवारीत जुना प्रिंटर बसला आणि मामाने एक सेकंडहँड लेझर प्रिंटर आणला. नामांकित कंपनीचा, छोटा, दणकट, गल्लोगल्ली दिसणारा. इकडे सीईटीचे फॉर्म सुरू झालेले, दुकानासमोर पोरांची रांग, आणि मामाचा सांगलीला फोन, "अगं, हा प्रिंटर 'झालं' म्हणतोय आणि कागद काही बाहेर येईना! उद्यापर्यंत नाही जमलं तर मी आपला चोरीचा विंडोज टाकून घेतो बघ."

शनिवारची एसटी पकडली.

प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीनेच लिनक्ससाठी दिलेला होता आणि पॅकेजवर चक्क '६४ बिट' लिहिलेलं होतं. (इथून पुढे कमांड मी उच्चारतो तशा देवनागरीत देतेय. टाईप करताना अर्थातच रोमन अक्षरांत, आणि जिथे सिस्टीम बदलायची आहे तिथे पुढे सुडो.) अशा वेळी पहिली कमांड 'फाईल'. ड्रायव्हरने ठेवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमवर ती चालवली, तर पॅकेज ६४ बिटी पण त्याच्या पोटातला, कागदासाठी चित्र तयार करणारा फिल्टर '३२ बिट, इंटेल ८०३८६' निघाला! कंपनीने तो भाग ६४ बिटीसाठी पुन्हा बनवलाच नव्हता, आणि सोर्स बंद असल्याने आपणही बनवू शकत नाही. सर्वांत वाईट म्हणजे पॅकेजच्या डिपेन्डन्सींत ३२ बिटी लायब्रऱ्यांचा उल्लेखच नव्हता. म्हणून इन्स्टॉल होताना सगळं हिरवंगार आणि छापताना शांतता. 'एलडीडी' कमांडने लायब्रऱ्यांची यादी मागितली तर तीही म्हणाली, हा डायनॅमिक प्रोग्रॅमच नाही. हे पुन्हा त्या नसलेल्या लोडरमुळेच, तेव्हा 'एलडीडी'च्या या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

उपाय ठरलेला आहे. 'डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६', मग 'ॲप्ट अपडेट', मग 'ॲप्ट इन्स्टॉल लिबसी६:आय३८६'. हे गुमान झालं. लोडर आला, 'एलडीडी' बोलायला लागलं, आणि तिने सांगितलं की अजून दोन-तीन लायब्रऱ्या नाहीत. त्यातली एक लिबएक्सएमएल२. ती मागितली आणि ठिणगी पडली.

इथे एक सवय लावून घ्या. मोठा बदल करायच्या आधी 'ॲप्ट -एस इन्स्टॉल' असं लिहा. 'एस' म्हणजे सिम्युलेशन, नुसती रंगीत तालीम. मी तशी तालीम घेतली तर ॲप्ट म्हणे, ही लायब्ररी बसवतो, पण त्या बदल्यात तिची ६४ बिटी प्रत काढतो, आणि तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं. यादी स्क्रीनबाहेर गेली. डेस्कटॉप त्यात, बिलिंग त्यात! आवळा देऊन कोहळा काढायचाच प्रकार. नेटवर अशा वेळी 'फोर्स' शब्द असलेल्या कमांड कुणी ना कुणी सुचवतोच. त्या चालतात, आणि पुढच्या अपडेटला सिस्टीम आगीतून फुफाट्यात जाते, कारण व्हर्जनचं न जुळणं तसंच राहिलेलं असतं. फक्त तक्रार करणाऱ्याचं तोंड बांधलेलं असतं.

खरी कमांड 'ॲप्ट पॉलिसी', आणि तिला दोन्ही भावांची नावं द्यायची: 'लिबएक्सएमएल२ लिबएक्सएमएल२:आय३८६'. कुठलं व्हर्जन बसलंय, कुठलं मिळतंय आणि कुठून, हे ती सांगते. मामाच्या मशीनवर ६४ बिटी प्रत नव्या व्हर्जनची होती आणि ती डेबियनची नव्हतीच, बाहेरच्या रिपॉझिटरीतून आलेली. ३२ बिटी प्रत मात्र फक्त डेबियनकडे, जुन्या व्हर्जनची. मधल्या काळात एकाने मामाला बिलिंगचा प्रोग्रॅम बसवून दिला होता. त्याला नवीन पीएचपी हवी म्हणून त्याने ही बाहेरची रिपॉझिटरी जोडली, आणि पीएचपीबरोबर ही लायब्ररीही वर सरकली. त्या रिपॉझिटरीत आय३८६ चं काही नव्हतंच. खरं तर 'ॲप्ट अपडेट'ने हे आधीच सांगितलं होतं. अमुक रिपॉझिटरी आय३८६ ला सपोर्ट करत नाही म्हणून वगळतोय, अशी एक बारीक सूचना येते. ब्राऊझरच्या रिपॉझिटरीलाही ती येते आणि निरुपद्रवी असते, म्हणून कुणी वाचत नाही. पण भांडण झालं की त्याच सूचनेतली नावं संशयित! ६४ बिटी भाऊ तिथून पुढे जातो आणि ३२ बिटीला तिथे गाडीच नसते.

निदान झालं की काम सोपं, पण क्रम महत्त्वाचा. बिलिंगचा प्रोग्रॅम डेबियनच्या स्वतःच्या पीएचपीवर चालतो का, हे आधी बघायला हवं होतं. नाही तर प्रिंटर चालू आणि बिल बंद. प्रोग्रॅमची एक कॉपी आणि डेटाचा बॅकअप माझ्या लॅपटॉपवर घेऊन चालवून बघितला, चालला. मग दुकानाच्या मशीनवर बाहेरची रिपॉझिटरी बंद केली, 'ॲप्ट अपडेट', पीएचपी डेबियनच्या व्हर्जनला आणली, आणि शेवटी दोन्ही भावांना एकाच ओळीत एकाच ठिकाणाहून बोलावलं: 'ॲप्ट इन्स्टॉल लिबएक्सएमएल२/स्टेबल लिबएक्सएमएल२:आय३८६/स्टेबल'. एकाच ओळीत हे महत्त्वाचं. एकेकटे मागितले की ॲप्ट पहिल्याच्या सोयीने दुसऱ्याला बाहेर काढायला बघतो. प्रत्येक पायरीची आधी तालीम. संध्याकाळी सातला पहिला कागद बाहेर आला. मामाने त्यावर चक्क हळदकुंकू लावलं.

हा रोग फक्त छोट्या दुकानांचा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या मोठ्या यूट्यूबरने पॉप ओएसवर 'स्टीम' हे गेमचं ॲप टाकायला घेतलं. स्टीमला ३२ बिटी लायब्रऱ्या लागतात, त्यांचं जुळलं नाही, आणि ॲप्टने डेस्कटॉपच काढायचा प्रस्ताव ठेवला. 'येस, डू ॲज आय से' असं पूर्ण वाक्य टाईप करायला लावूनही त्याने ते टाईप केलं, आणि लाखो लोकांसमोर डेस्कटॉप गेला! त्यानंतर ॲप्टमध्ये असं नुसतं वाक्य लिहून अत्यावश्यक पॅकेज काढता येणं बंद झालं. फेडोराच्या जुन्या 'यम'ने हाच रोग 'प्रोटेक्टेड मल्टिलिब व्हर्जन्स' या नावाने दाखवला. एक आय६८६, दुसरी एक्स८६-६४, व्हर्जन वेगळं, म्हणून नकार. तिथला उपायही तोच, 'डिस्ट्रो-सिंक' करून दोघांना एका पातळीवर आणायचं.

आपल्या लॅबमधलं उदाहरण द्यायचं तर मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला ३२ बिटी असेंब्ली लिंक करताना जीसीसीला '-एम३२' दिलं की तो 'इनकम्पॅटिबल' म्हणून लायब्ररी वगळतो. तिथे 'जीसीसी-मल्टिलिब' टाका. पण फायनल इयरच्या एम्बेडेडवाल्यांनो, तुम्ही एआरएमचा क्रॉस-कंपायलर टाकलेला असेल तर सांभाळून. डेबियन-उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये या दोन पॅकेजांचा छत्तीसचा आकडा आहे, एक घेतलं की दुसरं जातं. तेव्हा मल्टिलिबच्या नादी न लागता 'जीसीसी-आय६८६-लिनक्स-जीएनयू' हा वेगळा क्रॉस-कंपायलर घ्या, तो एआरएमवाल्याबरोबर गुण्यागोविंदाने राहतो. आणि कुणाला यात रस वाटला तर सांगलीतच वालचंद कॉलेजात लिनक्स युजर्स ग्रुप आहे. आपल्याच वयाची मुलं चालवतात.

३२ बिटीचे दिवस आता मोजकेच उरलेत, हेही सांगायला हवं. जून २०१९ मध्ये उबुंटूने आय३८६ पॅकेजेस पूर्ण बंद करायचं जाहीर केलं. स्टीम आणि वाईन वापरणाऱ्यांनी इतका गदारोळ केला की काही दिवसांतच निवडक लायब्रऱ्या ठेवायचं कबूल करावं लागलं. त्याच वर्षी फेडोरा ३१ ने ३२ बिटी कर्नल बंद केला. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तर आय३८६ चा कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ते आता फक्त ६४ बिटी मशीनवर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरतं ठेवलंय. आणि त्यांचं घड्याळही थांबणार आहे. ३२ बिटांत मोजलेले सेकंद १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात. डेबियन १३ ने एआरएमच्या ३२ बिटी पॅकेजेसना ६४ बिटी वेळ दिली, पण आय३८६ ला मुद्दाम दिली नाही. कारण दिली असती तर मामाच्या प्रिंटरच्या फिल्टरसारखे जुने बंद प्रोग्रॅम आजच मोडले असते. मला हा निर्णय बरोबर वाटतो.

प्रिंटर बदलला की ३२ बिटीचा पसारा ठेवायचं कारण नाही. आधी ड्रायव्हर काढा. मग 'डीपीकेजी -एल' च्या यादीत ज्यांच्यापुढे ':आय३८६' दिसतं ती सगळी पॅकेजेस 'ॲप्ट पर्ज' करा. अर्थात आधी '-एस' लावून, त्या यादीत कोलनशिवायचं एखादं नाव घुसलेलं नाही ना ते बघा. शेवटी 'डीपीकेजी --रिमूव्ह-आर्किटेक्चर आय३८६'. एक जरी ३२ बिटी पॅकेज मागे राहिलं असेल तर डीपीकेजी ही कमांड नाकारतो आणि काहीही न काढता थांबतो.